एक हलकं, एक भारी

प्राजक्ता सावे आमच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून रुजू झाल्या त्या दिवशी त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "जमनाताई, तुम्ही काय वाचता?"

मी म्हटलं, "वेळ मिळाला तर राशिभविष्य."

त्यांनी डोळे मिटून घेतले. गर्दीत कुणी पायावर पाय दिला की माणूस मिटतो, तसे.

डहाणूजवळ मसोलीच्या या वाचनालयात मी बावीस वर्षं आहे. पद लिपिकाचं. पुस्तकं देणं, घेणं, शिक्के मारणं, झाडणं, कुलूप लावणं, सगळं माझ्याकडे. माझ्या डोळ्यांदेखत पाच ग्रंथपाल आले आणि गेले. एकाला रमीचं वेड होतं, एक बाई दिवसभर स्वेटर विणायच्या. प्राजक्ता मॅडम तशा नव्हत्या. मुंबईत शिकलेल्या, मराठीत एम.ए., वर ग्रंथालयाची पदवी. स्वभावाने वाईट मुळीच नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. माझे गुडघे दुखतात हे कळल्यावर त्यांनी स्वतःच्या घरून माझ्यासाठी उंच स्टूल आणलं होतं. पण आवडीनिवडीचा विषय निघाला की त्यांच्यातलं हे चांगलं माणूस उठून कुठेतरी निघून जायचं.

घरात टीव्ही नाही, हे त्या नव्या सभासदाला पाच मिनिटांत सांगायच्या. सभासदाने विचारलेलं नसायचं. मी संध्याकाळी साडेसातची मालिका बघते हे त्यांना माझ्याच तोंडून कळलं. तेव्हापासून साडेसहा झाले की म्हणायच्या, "निघा जमनाताई, तुमच्या सुना वाट बघत असतील." मला सुना नाहीत. मालिकेतल्या सुनांबद्दल त्या बोलत होत्या.

पहिल्या महिन्यात त्यांनी सभासदांच्या नोंदी काढल्या आणि कपाळाला हात लावला. आमच्याकडे सगळ्यात जास्त जातात रहस्यकथा, मग प्रेमाच्या कादंबऱ्या, मग भुताखेताच्या, मग पाककृती. "एवढी चार हजार पुस्तकं आहेत आणि लोक कचरा खातायत," त्या म्हणाल्या. मग तीन दिवस स्टुलावर बसून त्यांनी सगळ्या पुस्तकांना गोल चिकट्या लावल्या. पिवळी म्हणजे हलकं. निळी म्हणजे भारी.

मी शेजारी उभी राहून पुस्तकं हातात देत होते, म्हणून निवड कशी झाली ते मला माहीत आहे. मुखपृष्ठावर बाई असली की पिवळी. पिस्तूल असलं की पिवळी. बाई आणि पिस्तूल दोन्ही असलं तर पिवळी लावून त्या वर हात पुसायच्या. मुखपृष्ठावर काय काढलंय ते कळेनासं झालं की निळी. एक पुस्तक नुसतं राखाडी होतं, कोपऱ्यात एक ठिपका. त्याला निळी लागली. ते कुक्कुटपालनाचं होतं, वरचं जाकीट फाटल्यामुळे नाव दिसत नव्हतं. मी सांगणार होते, पण तोवर पुढचं पुस्तक हातात होतं.

मग नियम आला. पुठ्ठ्यावर लिहून दारात लावला: "एक हलके पुस्तक नेल्यास सोबत एक भारी पुस्तक नेणे बंधनकारक आहे."

आमचे कार्यवाह उमेशभाई पाटील. घोलवडला त्यांची चिकूची वाडी आहे. ते पुस्तकं वाचत नाहीत, पण वाचनालयाचा दर्जा 'क' वर्गावरून 'ब' वर्गावर जावा म्हणून जिवाचं रान करतात. त्यासाठी पुस्तकांची देवघेव वाढलेली दिसावी लागते. नियम वाचून त्यांनी मान डोलावली. "म्हणजे प्रत्येक माणूस एकाच्या जागी दोन नेणार. चांगलं आहे."

पहिल्या आठवड्यात नियमाला सामोरे गेले ते झिपरू आणि दक्षाबेन.

झिपरू तलासरीकडच्या एका पाड्यातला, वारली, चाळिशीचा. टेम्पो चालवतो. घोलवडच्या वाड्यांमधून चिकूच्या पेट्या उचलून डहाणू रोडला आणतो आणि परत जाताना आमच्याकडे थांबतो. त्याच्या टेम्पोत तारप्याच्या सुरांवर डीजे चढवलेली गाणी इतक्या जोरात चालतात की तो येणार हे आम्हाला दोन गल्ल्या आधी कळतं. दहावीपर्यंत शिकला, पण आमच्याकडच्या सगळ्या रहस्यकथा त्याने दोन-दोनदा वाचल्यात. खुनी कोण ते पन्नासाव्या पानावर ओळखतो आणि उरलेलं पुस्तक लेखक चुकतो का बघायला वाचतो.

मॅडमनी त्याच्यापुढे एक जाडजूड निळं पुस्तक ठेवलं. समीक्षेचं. झिपरूने ते हातात घेऊन तोललं.

"मॅडम, हे मी वाचणार नाही. खोटं कशाला बोलू."

"सुरुवातीला जड जातं. सवयीने गोडी लागते."

"टेम्पोच्या चाकाला उटी म्हणून लावतो फार तर," तो म्हणाला. त्याने गंमत म्हणून म्हटलं नव्हतं, चढावर चाकाखाली घालायला त्याला खरंच काहीतरी हवं होतं. मॅडमनी पुस्तक काढून घेतलं.

त्या आत गेल्यावर तो माझ्याकडे वळला. "ताई, यातलं सगळ्यात हलकं भारी कुठलं?"

इथे जे झालं त्यात माझा हात आहे, ते लपवत नाही. मागच्या कपाटात तळाला एक गठ्ठा होता. बऱ्याच वर्षांपूर्वी कुणीतरी पार्सलने भेट म्हणून पाठवलेला. एकाच पुस्तकाच्या पंचवीस प्रती. 'निरंशाचे परीघ', कवी सु. ल. चुरी. चव्वेचाळीस पानं, खिशात मावेल एवढं. मुखपृष्ठावर तीन वाकड्या रेषा, म्हणून सगळ्या पंचवीस प्रतींना निळी लागली होती. मी त्यातली एक झिपरूला दिली. त्याने ती शर्टाच्या खिशात घातली, रहस्यकथा काखेत मारली आणि गेला.

दक्षाबेनना दुसरी दिली. त्यांचं स्टेशन रोडला ब्लाउज शिवायचं दुकान आहे. घरी गुजराती, गिऱ्हाइकांशी मराठी, आणि प्रेमाच्या कादंबऱ्या मराठीतल्याच आवडतात, कारण त्यांच्या मते गुजरातीतले हिरो फार लवकर लग्न करतात. "हे वाचायचं ने?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "न्यायचं."

बातमी पसरायला किती वेळ लागतो. पंधरा दिवसांत लोक आत येऊन मला नुसतं "ती पातळवाली" म्हणू लागले. पंचवीसच्या पंचवीस प्रती फिरायला लागल्या. कुणी पर्समध्ये, कुणी भाजीच्या पिशवीत, कुणी गाडीच्या डिकीत ठेवायचे आणि आठवड्याने जशीच्या तशी परत. मी प्रत्येक वेळी संगणकावर नोंद करत होते, कारण ते माझं कामच आहे.

डिसेंबरच्या शेवटी मॅडमनी सहा महिन्यांची यादी काढली. पहिल्या नंबरवर 'निरंशाचे परीघ'. तीनशे बारा वेळा नेलं गेलेलं. दुसऱ्या नंबरचं पुस्तक चोवीसवर होतं, तेही कुक्कुटपालन.

त्या कागद घेऊन बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. "जमनाताई, तुम्हाला कळतंय का काय झालंय? डहाणू-तलासरीचा सामान्य माणूस अमूर्त कविता वाचतोय."

मी म्हटलं, "मॅडम, त्याचं काय आहे..."

"तुम्हाला नाही कळायचं," त्या मायेने म्हणाल्या. "संध्याकाळ होऊ दे, तुमच्या सुना आहेत."

हे ऐकलं नसतं तर मी सांगितलं असतं. निदान मला तसं वाटतं. ऐकल्यावर मी गप्प बसले.

मॅडमनी इथल्या एका साप्ताहिकात मोठा लेख लिहिला. वाचकाला नुसतं त्याला हवं ते देत राहिलं तर तो रांगतच राहतो, बोट धरून उभं करावं लागतं, असं काहीतरी होतं त्यात. उमेशभाईंनी लेखाच्या झेरॉक्स काढून जिल्ह्याला पाठवल्या. मग ठरलं की जानेवारीत मराठीचा पंधरवडा असतो, तेव्हा या कवीला बोलवायचं, सत्कार करायचा आणि वाचकांची मनोगतं ठेवायची.

पुस्तकावर पुण्याच्या छापखान्याचा पत्ता होता. मॅडमनी तिथे फोन लावून कवीचा नंबर मिळवला. मी समोरच होते.

"चुरीसाहेब, आपण पुण्यातच असता ना? ... कुठे? ... तलासरी?" त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "आपली तलासरी?"

चुरी चिंचणीकडचे. वापीला रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं नोकरी केली आणि आता तलासरीला, एसटी स्टँडच्या मागे, मुलीकडे राहत होते. मॅडमनी फोन ठेवला आणि निमंत्रणाच्या कार्डाचा कच्चा कागद पुढे ओढला. मग मला म्हणाल्या, "कार्डावर गावाचं नाव नको घालू या. नुसतं 'ज्येष्ठ कवी' ठेवू."

मी विचारलं, "काय म्हणाले ते?"

"मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, तीनशे बारा लोक? मी म्हटलं, हो. मग म्हणाले, मला त्यांच्याशी बोलायला मिळेल का."

हे ऐकून मात्र मी हातातला शिक्का खाली ठेवला. तोपर्यंत मला ती मॅडमची फजिती वाटत होती. त्यात आणखी एक माणूस आहे आणि तो नवा शर्ट काढून इस्त्रीला टाकणार आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मॅडमनी सगळ्यात जास्त वेळा पुस्तक नेलेल्या दहा जणांना पत्रं पाठवली: 'आपल्या आवडत्या कवितेवर दोन मिनिटे बोलावे.' दुसऱ्या दिवशी दहाच्या दहा जण माझ्या टेबलापुढे.

"मी वलसाडला बहिणीकडे जाते," दक्षाबेन म्हणाल्या. "पंचवीस तारखेला तिच्याकडे काहीतरी आहेच."

"काय आहे?"

"असेल ने काहीतरी."

झिपरू म्हणाला, "माझा टेम्पो त्या दिवशी बिघडणार आहे."

मी त्यांना सांगितलं, "हे बघा, चव्वेचाळीस पानं आहेत. माणूस म्हातारा आहे. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला बोलावलंय. तुम्ही दहा जण आला नाहीत तर तिथे उमेशभाई आणि हार उरणार. बारा दिवस आहेत. वाचा आणि जे वाटलं ते बोला."

"आणि काहीच वाटलं नाही तर?" झिपरूने विचारलं.

"तर तसं बोल."

सहा जण फुटले. चार राहिले. त्यात झिपरू आणि दक्षाबेन होत्या. दक्षाबेननी ब्लाउजला काजं करता करता वाचलं. 'निरंश' म्हणजे काय ते विचारायला त्या तीनदा माझ्याकडे आल्या, आणि मलाही येत नव्हतं म्हणून आम्ही शब्दकोश काढला, तर 'ज्याचे भाग पडत नाहीत ते' असं निघालं. तो शब्दकोश बावीस वर्षांत मी पहिल्यांदा उघडला. झिपरू घोलवडला पेट्या भरेपर्यंत टेम्पोत बसून वाचायचा, गाणी बंद करून. वाडीतले हमाल मला म्हणाले, त्याला बरं नाहीये का?

पंचवीस तारखेला दुपारी चारला कार्यक्रम होता. चुरी दोनलाच एसटीने आले. बारीक, उंच, पांढऱ्या मिशा, पांढरा शर्ट. नुकत्याच केलेल्या इस्त्रीच्या घड्या दिसत होत्या. मॅडम हॉलमध्ये खुर्च्या लावून घेत होत्या, म्हणून ते माझ्यापाशी बसले. मी चहा दिला. त्यांनी हळूच विचारलं, "लोक खरंच नेतात?"

"नेतात," मी म्हटलं. यात काही खोटं नव्हतं.

हॉल भरला. कविता ऐकायला नाही, उमेशभाईंनी बटाटेवडे ठेवलेत हे कार्डावर होतं. मॅडम प्रास्ताविकाला उभ्या राहिल्या. निळी साडी नेसल्या होत्या आणि खरंच छान दिसत होत्या. वीस मिनिटं बोलल्या. अस्तित्व आलं, शून्य आलं, परीघ दोनदा आला. मी पुस्तकाचं मलपृष्ठ शिक्का मारताना तीनशे बारा वेळा बघितलेलं, त्यामुळे कुठलं वाक्य कुठून आलं ते मला ओळखता येत होतं. चुरी मान खाली घालून लक्षपूर्वक ऐकत होते.

"मला विचाराल," मॅडम शेवटी म्हणाल्या, "तर या संग्रहाचं शिखर म्हणजे एकतिसाव्या पानावरची 'विहीर'. ही कविता मी किती वेळा वाचली याची गणती नाही. त्यातली विहीर ही विहीर नाहीच. ती आपल्या सगळ्यांच्या आतली पोकळी आहे. ज्याला ती कळली, त्याला चुरीसाहेब कळले."

चुरींनी मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

मग मनोगतं. आधी दक्षाबेन. "मला जास्त नाही समजलं, माफ करा हं," त्या म्हणाल्या. "पण अठराव्या पानावर ते बाई खिडकीत बसून सुईत दोरा ओवते ने, आणि दोरा जात नाही, ते माझंच आहे. पन्नाशी झाली की असंच होतं." चुरी हसले. म्हणाले, "ती माझी आई." दक्षाबेन खूश होऊन बसल्या.

नंतर झिपरू उभा राहिला. शर्टाच्या खिशातून त्याने पुस्तक काढलं. त्याच्या प्रतीला ग्रीसचे डाग होते.

"मी झिपरू गोवारी, तलासरी. मी खुनाची पुस्तकं वाचतो. त्यात मधलं पान गेलं तर सगळी वाट लागते, म्हणून मी पान नंबर बघत वाचतो. मला दोन-तीन कविता आवडल्या, बाकीच्यांत काय चाललंय ते नाही कळलं. पण मला एक विचारायचंय. तिसाव्या पानानंतर थेट तेहेतिसावं येतं. एकतीस-बत्तीस नाहीच. मला वाटलं माझ्याच पुस्तकात नाही. पण मॅडमनी ती विहिरीची इतक्या वेळा वाचली म्हणतात, तर मॅडम, तुमची प्रत जरा द्या. मला बघायचीय काय आहे त्यात."

त्याने टोमणा मारलेला नव्हता, मी झिपरूला ओळखते. त्याला खरंच पान हवं होतं.

हॉलमध्ये ज्यांच्याकडे प्रती होत्या त्यांनी त्या उघडल्या. पानांची सळसळ झाली. दक्षाबेन म्हणाल्या, "माझ्यात पण नाही." मागून कुणीतरी म्हणालं, "यातही नाही." उमेशभाईंनी टेबलावरच्या सत्काराच्या प्रतीत बघितलं. तीस, तेहेतीस. मग अनुक्रमणिका उघडून बघितली. तिथे छापलं होतं: विहीर, ३१. त्यांनी हळूच पुस्तक मिटलं.

मॅडम उभ्याच होत्या. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पार उतरला. इतके दिवस मी याच क्षणाची वाट बघत असेन, तर तो आल्यावर मला अजिबात मजा वाटली नाही. हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं आणि मला त्याला बाहेर काढावंसं वाटलं.

चुरी उठले. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "बाइंडरकडे शेवटच्या शंभर प्रतींत ते पान लागायचं राहून गेलं. त्या विकता येणार नव्हत्या, म्हणून मी वाचनालयांना भेट पाठवल्या. पान वेगळं छापून गठ्ठ्यात घातलं होतं. चिकटवून घ्या, असं पत्रही होतं. ते इथे पोचलं नसेल."

ते पोचलं होतं. एका बाजूने छापलेले, दुसऱ्या बाजूने कोरे पंचवीस कागद. पार्सल मीच उघडलं होतं. पत्र कुठे गेलं ते आठवत नाही, पण त्या पाठकोऱ्या कागदांवर मी दोन वर्षं फोन नंबर आणि किराण्याच्या याद्या लिहिल्या. तिथे बसल्या बसल्या मला ते सगळं आठवलं.

"कविता पाठ आहे मला," चुरी म्हणाले. "म्हणू का?"

कोण नाही म्हणणार होतं? त्यांनी हातातला रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि साध्या आवाजात, बोलल्यासारखी म्हटली:

"घरं दोन, विहीर एक.
भांडण झालं तेव्हा
दोन्ही घरांनी आपापले दोर काढून नेले.
आठ दिवस विहीर
नुसती भरत राहिली.
नवव्या दिवशी तुमची आई काठावरून म्हणाली,
पाणी वर आलंय गं.
वाकलं तरी हाताला लागतं."

मग झिपरू उभाच होता तो म्हणाला, "ही कळली. आमच्या पाड्यात असंच झालेलं, हातपंपावरून." जरा थांबून त्याने विचारलं, "तुम्हाला असं लिहिता येतं, तर मग बाकीच्या तशा का लिहिल्या?"

उमेशभाई घाईघाईने आभाराला उठले. चुरींनी त्यांना हाताने थांबवलं.

"त्या लिहिल्या तेव्हा मी पंचेचाळिशीत होतो," ते म्हणाले. "कारखान्यात माझ्याबरोबरचे सगळे दुपारच्या सुट्टीत सिनेमाच्या गोष्टी करायचे. मी वेगळा आहे हे मला त्यांना दाखवायचं होतं. तेव्हा वाटायचं, समजली तर ती कविता कसली. 'विहीर' फार सोपी झाली म्हणून मी ती वगळणार होतो. छापखान्यातल्या माणसाने पानं कमी पडतायत म्हणून घ्यायला लावली."

वडे झाले. चुरी आणि झिपरू एका खुर्चीवर बशी ठेवून बोलत होते. झिपरू त्यांना एका खुनाची गोष्ट सांगत होता आणि चुरी मधेच म्हणत होते, "नाही नाही, मेहुणा नसणार." शेवटी झिपरूच त्यांना टेम्पोतून तलासरीला घेऊन गेला. गाणी सुरू झाली आणि दोन गल्ल्यांपर्यंत ऐकू येत राहिली.

मॅडम त्यानंतर तीन दिवस रजेवर होत्या. चौथ्या दिवशी आल्या, माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या. तोंड सुकलेलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं? लोक नुसतं नेत होते, वाचत नव्हते, हे?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, मला नाही कळायचं."

त्यांनी मान हलवली. मी आता त्या पाठकोऱ्या कागदांचंही सांगून टाकलं. त्या माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, "एखादा उरलाय?" आम्ही ड्रॉवर उपसला. सात कागद सापडले. त्यातल्या एकामागे डाळ, तेल, साबण असं लिहिलेलं होतं. उरलेल्या प्रतींसाठी मॅडमनी त्या पानाची झेरॉक्स काढली आणि आम्ही दोघींनी डिंक घेऊन सगळ्या प्रतींना पान चिकटवलं.

चिकटवता चिकटवता त्या पुस्तक वाचत होत्या. पहिल्यांदाच. मी बघत होते. चव्वेचाळिसावं पान झाल्यावर म्हणाल्या, "जमनाताई, यातल्या बऱ्याचशा कविता वाईट आहेत हो." बावीस वर्षांत एखाद्या ग्रंथपालाने पुस्तक वाचून दिलेलं ते पहिलं मत मी ऐकलं.

नियमाचा पुठ्ठा 'प्रशासकीय कारणास्तव' उतरवला गेला. देवघेव निम्म्यावर आली. उमेशभाई आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत आणि 'ब' वर्ग अजून मिळालेला नाही. मॅडम काही फार बदलल्या असं नाही. टीव्ही नाही हे अजून सांगतात, पण पाच मिनिटांत नाही, दहा-पंधरा मिनिटं जाऊ देतात. कोणी प्रेमाची कादंबरी नेली की चेहरा पूर्वीसारखाच होतो, फक्त आता तो त्या संगणकाच्या मागे नेतात.

बदल झाला तो झिपरूत. चुरींकडे तो आता दर रविवारी जातो. चुरी त्याला जुन्या पेटीतली पुस्तकं देतात. ती संपली की आमच्याकडून निळ्या चिकटीची नेतो. टेम्पोतला डीजे गेला, आता सतार असते. गाडी आली हे कळत नाही, एकदम माणूसच समोर उभा राहतो.

मागच्या मंगळवारी तो आला तेव्हा दक्षाबेन कादंबरी घेत होत्या. मुखपृष्ठावर घोडा होता आणि घोड्यावर दोन माणसं. झिपरूने पुस्तक उचललं, उलटं करून मलपृष्ठ वाचलं आणि मान हलवली.

"दक्षाबेन, अजून हेच वाचता तुम्ही?"

"का, काय झालं?"

"काही नाही. सुरुवातीला मीही वाचायचो," तो म्हणाला. "हळूहळू पुढे जायचं असतं."

दक्षाबेन माझ्याकडे बघत राहिल्या. आतून मॅडमचा खोकल्याचा आवाज आला. मग त्या बाहेर आल्या, झिपरूच्या हातातून कादंबरी घेतली, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "जमनाताई, द्या यांना लवकर, शिक्का मारा. दुकान उघडं टाकून आल्यात त्या."